जॅग्वार ई-टाइपचा पुनरुद्धार व क्षमतावाढ

जॅग्वार ई-टाइप ही इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९६१ ते १९७४ या काळात तयार झालेली स्पोर्ट्स कार आहे. या काळात सुमारे ७२,५०० गाड्या बांधल्या गेल्या. जुन्या ई-टाइपची दुरुस्ती करताना तिचे मूळ रूप राखून इंजिन, ब्रेक, गिअरबॉक्स व शीतन यंत्रणा अधिक सक्षम करण्याची पद्धत रूढ आहे. अशा गाडीस ‘रेस्टोमॉड’ म्हणतात; रेस्टोरेशन (पुनरुद्धार) आणि मॉडिफिकेशन (फेरबदल) या दोन शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. निव्वळ पुनरुद्धारात गाडी कारखान्यातून बाहेर पडली तशी करणे हा हेतू असतो. क्षमतावाढीत मात्र दोन प्रश्न सतत समोर असतात : वाढलेली शक्ती गाडीचे इतर भाग पेलतील का, आणि केलेला बदल पुढे रद्द करता येईल का?

पार्श्वभूमी

ई-टाइपचे प्रथम प्रदर्शन मार्च १९६१ मध्ये जिनिव्हा येथे झाले. तिच्या बाह्यरूपाचे आरेखन माल्कम सेयर यांनी केले होते. विमान उद्योगात काम केलेल्या सेयर यांनीच १९५५, १९५६ व १९५७ या तीन वर्षी ल माँ शर्यत जिंकणाऱ्या डी-टाइपचा आकार ठरवला होता. ई-टाइपमध्ये सुरुवातीस ३.८ लिटर क्षमतेचे सहा सिलिंडरांचे ‘एक्सके’ इंजिन होते. १९६४ मध्ये ४.२ लिटरचे, तर १९७१ मध्ये ५.३ लिटरचे बारा सिलिंडरांचे इंजिन आले. पहिल्या गाडीची जाहीर केलेली शक्ती २६५ ब्रेक अश्वशक्ती व कमाल वेग ताशी १५० मैल (सुमारे २४० किमी) होता.

सांगाडा व पत्रा

ई-टाइपला मागपर्यंत जाणारी स्वतंत्र चासी नाही. मधला भाग पत्र्याच्या पेटीसारखा एकसंध असून त्याच्या पुढील भिंतीला पोलादी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली असते. इंजिन व पुढचे सस्पेन्शन या चौकटीवर बसते. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, म्हणजे सिल, गाडीच्या मजबुतीचा मोठा भाग सांभाळतात. विशेषतः उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्याने त्यांचे महत्त्व अधिक असते.

गंज बहुधा या पट्ट्यांत आतून लागतो. आतून आधार न देता त्या कापल्यास पत्र्याची पेटी मधोमध खचते आणि नंतर दारे नीट बसत नाहीत. म्हणून गाडी आडव्या-उभ्या आधारांनी जखडून, एका वेळी एकच बाजू कापून नवा पत्रा वेल्ड करतात. पुढे उघडणारे लांब बॉनेट व दारे रंगकामापूर्वीच तात्पुरती बसवून फटी तपासल्या जातात. सांगाडा सरळ व भक्कम होण्यापूर्वी इंजिनाची शक्ती वाढवणे धोक्याचे असते, कारण वाढलेला सर्व ताण अखेर याच जोडांवर येतो.

इंजिन

एक्सके इंजिनाचा ठोकळा बिडाचा, तर सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे असते. ३.८ लिटर इंजिनात सिलिंडरचा व्यास ८७ मिमी व पिस्टनचा स्ट्रोक १०६ मिमी आहे. लांब स्ट्रोकमुळे कमी फेऱ्यांवरही चांगला ओढ मिळतो. मात्र फेरे वाढवण्यावर मर्यादा येते. मिनिटाला ५,५०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९.४ मीटर असतो. ६,५०० फेऱ्यांवर तो सुमारे २३ मीटर होतो. पिस्टन व कनेक्टिंग रॉडवरील जडत्वाचा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने एवढ्याच बदलात तो सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो.

त्यामुळे अनुभवी कारागीर फेरे वाढवण्यापेक्षा हवेचा प्रवाह सुधारणे, कॅमशाफ्ट बदलणे, हलके पिस्टन बसवणे आणि फिरणाऱ्या भागांचा तोल अचूक साधणे यांवर भर देतात. बोअर वाढवून इंजिनाची क्षमता वाढवण्याचीही पद्धत आहे. परंतु ठोकळ्याच्या भिंती किती जाड उरतील हे आधी मोजून पाहावे लागते.

शीतन, ब्रेक व गिअरबॉक्स

अधिक शक्ती म्हणजे अधिक उष्णता. पहिल्या मालिकेतील गाड्यांचे पुढचे तोंड लहान असून त्यांना एकच विद्युत पंखा होता. दुसऱ्या मालिकेत कंपनीनेच तोंड मोठे करून दोन पंखे दिले. आज ॲल्युमिनियमचा रेडिएटर व अधिक क्षमतेचे पंखे बसवून मूळ आकार न बदलता हा दोष दूर केला जातो.

ब्रेकच्या बाबतीत साधे गणित लागू पडते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० ऐवजी १२० किमी वेगावरून थांबताना ब्रेकना ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. ई-टाइपच्या मागच्या डिस्क चाकांपाशी नसून डिफरन्शियलला लागून आहेत. तेथील उष्णतेने ऑइल सील कडक होऊन गळू लागल्यास तेल डिस्कवर येते व ब्रेक निकामी होऊ शकतात. म्हणून केवळ मोठे कॅलिपर लावणे पुरेसे नसते. मागील भागात हवा खेळती ठेवणे व सील वेळीच बदलणेही आवश्यक असते.

३.८ लिटर गाडीच्या चार गतींच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते. त्याऐवजी पाच गतींचा गिअरबॉक्स बसवणे हा लोकप्रिय बदल आहे. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असल्यास त्याच वेगावर इंजिनाचे फेरे पूर्वीच्या थेट चौथ्या गिअरपेक्षा २० टक्क्यांनी कमी होतात.

मूळपणाचा प्रश्न

गाडीचा क्रमांक पुढील चौकटीवर कोरलेला असतो. इंजिन व गिअरबॉक्स यांवरही स्वतंत्र क्रमांक असतात. हे सर्व क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळणाऱ्या गाडीला अधिक मोल येते. गंजलेली चौकट टाकून नवी बसवली की गाडी सुरक्षित होते, पण तिच्या ओळखीचा एक पुरावा नाहीसा होतो. म्हणून काढलेले मूळ भाग क्रमांकांसह जपून ठेवण्याची प्रथा आहे.

बोल्टने बसवलेला रेडिएटर, ब्रेक किंवा गिअरबॉक्स काढून मूळ भाग परत बसवता येतो. याउलट आधुनिक ऑइल सीलसाठी क्रँकशाफ्ट घासणे किंवा रुंद चाकांसाठी पत्रा कापणे यांसारखे बदल कायमचे असतात. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या ट्युरिन सनदेतही मूळ घटकांचे जतन आणि शक्यतो परतवता येतील असेच बदल या तत्त्वांवर भर आहे. २०१७ मध्ये जॅग्वारने स्वतः सादर केलेल्या विजेवरील ‘ई-टाइप झीरो’ची बॅटरी मूळ इंजिनाच्याच जागेत बसेल अशा मापाची ठेवली होती. जॅग्वार कंपनी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली.

भारतात २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात असावे लागते. चासी, सांगाडा किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले वाहन त्या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे क्षमतावाढ करण्यापूर्वी कोणता बदल वाहनाची कायदेशीर ओळख बदलतो, हे पाहणे आवश्यक ठरते.