पिल्लाने नाणे गिळले, तर?

बँकेच्या नोकरीत बदली ओघाने येतेच. बदलीचे गाव कुंभकोणमजवळचे चोळपुरम् असो वा मराठवाड्यातील एखादे तालुक्याचे ठिकाण, कुत्र्याचे पिल्लू आले की परक्या गावीही घर भरल्यासारखे वाटते. मात्र साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयात पिल्लाचे दुधाचे दात पडून नवे दात येतात. हिरड्या शिवशिवत असल्याने ते दिसेल ती वस्तू चघळते व प्रसंगी गिळते. मोजे, आंब्याची कोय, सुईदोरा, नाणी, घड्याळातील सेल या त्यांपैकी नेहमीच्या वस्तू.

प्रथम काय पाहावे?
पिल्लू गुदमरत असेल, तर तोंड उघडून पाहावे व वस्तू स्पष्ट दिसत असेल तरच काढावी. न दिसता बोट घातल्यास ती आणखी आत सरकते. श्वास सुरळीत असल्यास काय गिळले, किती व केव्हा, हे टिपून ठेवावे आणि पशुवैद्यास दूरध्वनी करावा.

काय करू नये?
मीठपाणी पाजून ओकारी काढू नये. त्याने रक्तातील मिठाचे प्रमाण धोकादायक रीतीने वाढते. टोकदार वस्तू व सेल उलटून येताना अन्ननलिकेस इजा करतात. तोंडातून वा गुदद्वारातून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये. आत ताणलेल्या दोऱ्याने आतडे कापले जाते.

नाणे आणि सेल
अमेरिकेत १९८२ नंतर काढलेले एक सेंटचे नाणे ९७.५ टक्के जस्ताचे आहे. पोटातील आम्लात जस्त विरघळून तांबड्या रक्तपेशी नष्ट होतात. हिरड्या फिकट पडतात व लघवी गडद होते. आपल्या २० रुपयांच्या नाण्याच्या मिश्रधातूतही काही प्रमाणात जस्त आहे. म्हणून नाणे कोणते, हे पशुवैद्यास अवश्य सांगावे. चपटा सेल अन्ननलिकेत अडकल्यास काही मिनिटांतच ती भाजू लागते. तेथे क्षणाचाही विलंब नको.

वेळेचे महत्त्व
धातू क्ष-किरण चित्रात दिसतो. कापड व प्लास्टिक बहुधा दिसत नाही, त्यासाठी सोनोग्राफी लागते. वस्तू जठरात असेपर्यंत दुर्बिणीने काढता येते. आतड्यात अडकल्यास शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरत नाही. वारंवार उलट्या, अन्न नाकारणे, फुगलेले पोट, मरगळ ही अडथळ्याची लक्षणे होत. अशा वेळी आतड्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते फाटू शकते.

लहान गावी या सर्व सोयी हाताशी असतीलच असे नाही. तंजावर जिल्ह्यात ओरतनाडू येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण चोळपुरम्हून ते तंजावर शहराच्याही पलीकडे पडते. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार म्हणूनच महागात पडतो. नव्या गावी पिल्लू आणण्यापूर्वीच जवळचा पशुवैद्य, क्ष-किरणाची सोय व रात्री चालू असणारे रुग्णालय यांची चौकशी करून क्रमांक भिंतीवर लावावेत. आणि सुटी नाणी? ती जमिनीवर न विखुरता गल्ल्यातच शोभतात!