पूल क्यूवरची मोटारीची झिलई

मॅपलच्या दांड्यात आबनुसाच्या अणकुचीदार पट्ट्या बसवायच्या, शिंपल्याचं जडावकाम करायचं, लेथवर थोडं थोडं कातून दांडा मधे महिनोन्‌महिने टांगून ठेवायचा. पूल या बिलियर्डच्या प्रकारातली क्यू, म्हणजे चेंडू मारायची काठी, हाताने घडवणारे अमेरिकी कारागीर एवढा संयम ठेवतात. मग या सगळ्यावर चढतो तो पारदर्शक थर मात्र बहुधा मोटारींच्या रंगशाळेतून आलेला असतो.

तिथवरची वाट सुरू झाली चेंडूपासून. चेंडूंच्या हस्तिदंताला पर्याय देणाऱ्याला 10 हजार डॉलर देऊ, असं बिलियर्डचं साहित्य बनवणाऱ्या फेलन अँड कॉलेंडर कंपनीने 1860 च्या दशकात जाहीर केलं होतं. ऑल्बनीच्या जॉन वेस्ली हायटने 1869 मध्ये चेंडूवर नायट्रोसेल्युलोजचा लेप दिला. हे रसायन स्फोटकांतही वापरतात, त्यामुळे टक्कर जोरात झाली की कधी कधी बार उडे. कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याने हायटला कळवलं म्हणे, की आवाजाचं मला काही नाही, पण तो झाला की खोलीतला जो तो पिस्तूल उपसतो!

1920 च्या दशकात ड्यूपाँटने याच नायट्रोसेल्युलोजचं झटपट वाळणारं लॅकर जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी आणलं. नाव ड्युको. आपल्याकडे सुतार आणि गॅरेजवाले आजही हे नाव घेतात, ते तिथलंच. अशी लॅकरं क्यूवरही आली. पण लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. जुनं लॅकर कडक होतं आणि तडकतं. म्हणून पुढे अनेकांनी मोटारीवरचाच दोन घटकांचा युरेथेन क्लिअर कोट उचलला.

तो नुसता फवारून भागत नाही. कोकोबोलोसारख्या तेलकट लाकडावर थर नीट धरत नाही. रंध्रं उघडी राहिली, तर वाळताना थर त्यांत खचतो आणि आठवड्यांनी पृष्ठभागावर खळगे उमटतात. त्यामुळे आधी एपॉक्सी किंवा फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद चोळून लाकूड बंद करायचं. फवारताना क्यू संथ फिरत राहते, नाहीतर ओघळ येतात. क्यूचे दोन भाग जुळतात त्या तोंडावर थर चढला तर सांधा चपखल बसत नाही, म्हणून तिथे टेप. वाळल्यावर 1000, 1500, 2000 नंबरचे पाणीपेपर आणि मग बफिंग. बफ क्षणभर जास्त टेकला, की थर तापून उडालाच. युरेथेनच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटने दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला साधा रुमाल तिथे कुचकामी.

क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाला मात्र ही चकाकी नको असते. तिथून बोटं सरकतात. जाड थर घामाने चिकटतो. त्याला पातळ सीलर, फार तर मेण.

ब्रुकलिनचा कारागीर जॉर्ज बालाबुश्का (1912–1975) याच्या क्यू आज संग्राहक जपतात. अशा जुन्या क्यूचा थर तडकला, तर तो खरवडून नवा द्यावा का, यावर एकमत होत नाही. खरवडताना थोडं लाकूडही जातंच, आणि ते बालाबुश्काने कातलेलं असतं.