रक्त खाली बसताना

काळ्या झाकणाच्या नळीत चार भाग रक्त आणि एक भाग सोडियम सिट्रेट. टेक्निशियन ताई नळी अलगद उलटीपालटी करतात, रक्त वेस्टरग्रेन नळीत शून्याच्या खुणेपर्यंत चढवतात आणि ती स्टँडमध्ये सरळ उभी करतात. कोराडीतल्या या छोट्या लॅबमध्ये ईएसआरचा, म्हणजे तासाभरात तांबड्या पेशी किती खाली बसतात ते मोजण्याचा, स्टँड सेंट्रिफ्यूजपासून लांब, खिडकीच्या उन्हाआड ठेवला आहे. नळी जराशी कलली तरी पेशी भराभर घसरतात. उन्हाळ्यात खोली तापली तरी आकडा फुगतो.

नमुना अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या एका काकांचा. शौचावाटे पुन्हा रक्त जाऊ लागलंय. बाकावरूनच ते विचारतात, "मागच्यापेक्षा कमी आला काय, ताई?"

"तास तर होऊ द्या, काका."

नळीत वर पिवळसर प्लाझ्मा सुटू लागतो. या आजारात प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावरच उलटते. तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ सोडतात, तो निरोप यकृतापर्यंत जातो आणि यकृत फायब्रिनोजेन व सीआरपी ही प्रथिनं जास्त बनवू लागतं. फायब्रिनोजेन वाढलं की तांबड्या पेशी नाण्यांसारख्या एकावर एक रचल्या जातात आणि त्यांची चवड लवकर बुडते. सीआरपीचा शोध १९३०चा, रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधल्या टिलेट आणि फ्रान्सिस यांचा, न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातला. सूज ओसरली की ते साधारण १९ तासांत निम्म्यावर येतं. ईएसआर मात्र रेंगाळतो.

तासाभराने ताई खूण वाचतात: ३८ मिलिमीटर. सीआरपी मात्र मर्यादेत. मग खरं कोणाचं मानायचं? कोलायटिसची सूज बरेचदा अस्तरापुरतीच राहते, तेव्हा रक्त जात असूनही सीआरपी फारसं हलत नाही. आणि काकांचं हिमोग्लोबिन ९.८; नुसत्या रक्तक्षयानेही ईएसआर चढतो.

विदर्भात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नागपूर भागातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे सिकलसेलचा आजार असलेल्या, रुग्णाच्या विळ्यासारख्या पेशींची चवड लागतच नाही, त्यामुळे अंगात सूज असली तरी ईएसआर खाली राहू शकतो. अशा माणसाच्या हाती 'नॉर्मल'चा कागद पडला, तर तो निर्धास्त होऊन उपचार लांबवेल. इथल्या प्रत्येक ईएसआरच्या रिपोर्टवर हिमोग्लोबिन आणि सिकलचा पॅटर्न शेजारीच छापलेला असावा, असं मला मनापासून वाटतं. ताई काकांची जुनी नोंद काढून बघतात. पॅटर्न एए, म्हणजे सिकल नसलेला आहे, तेव्हा ती शंका मिटली.

डॉक्टरांनी आता शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन सांगितलंय. हे न्यूट्रोफिल पेशींमधलं प्रथिन; त्या पेशी सुजलेल्या अस्तरातून आतड्यात उतरल्या की शौचात सापडतं. ताई काकांना डबी देतात. सकाळचा नमुना आणायचा, त्यात पाणी मिसळू द्यायचं नाही. तो पुढे नागपूरला जाईल.

"अन् गोळ्या?" काका विचारतात.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही."