चटईक्षेत्र मोजताना उजेडही मोजा

गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, भेंडी बाजार. मुंबईचा हा जुना गाभा सध्या एकीकडे पाडला जात आहे आणि दुसरीकडे उभारला जात आहे. भेंडी बाजारात सुमारे साडेसोळा एकर जागेवरील अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींच्या ठिकाणी मनोरे उभे राहत आहेत. गिरगाव आणि काळबादेवीच्या खालून भुयारी मेट्रो धावू लागली आहे. शहर भागात अजूनही हजारो उपकरप्राप्त इमारती पुनर्विकासाची वाट पाहत आहेत.

अशा इमारतींच्या रहिवाशांच्या बैठकांत प्रश्न ठरलेले असतात. किती चौरस फूट मिळणार? भाडे किती? कॉर्पस किती? ताबा कधी? हे प्रश्न रास्तच आहेत. पण नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरदुपारी दिवा न लावता वाचता येईल का, शेजारची इमारत किती फुटांवर असेल, हे क्वचितच विचारले जाते. घरातल्या माणसांच्या फुप्फुसांसाठी मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा आहे.

प्लेगनंतरचा धडा

हा प्रश्न मुंबईला नवा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी त्याचे निदान केले. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाली आणि दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले गेले. कोंदट हवा हेच प्लेगचे मूळ, अशी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची ठरली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच संशोधकाने त्याच १८९८ साली दाखवून दिले.

कारण चुकले असले, तरी त्या काळातला एक नियम आजही उपयोगी आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ‘साडेत्रेसष्ट अंशां’च्या नियमाचा आग्रह धरला होता. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा मोठा कोन करता कामा नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे.

तीन मीटर आणि बारा मीटर

समजा, आठ मजल्यांच्या, म्हणजे सुमारे २४ मीटर उंचीच्या दोन इमारती समोरासमोर आहेत. ऑर यांच्या नियमाने मध्ये १२ मीटर अंतर हवे. ते तीनच मीटर ठेवले, तर तळमजल्यावरून दिसणारा कोन सुमारे ८३ अंशांचा होतो. भिंतीलगत उभे राहून वर पाहिले, तर आकाशाची जेमतेम सात अंशांची फट दिसते. नियम पाळला असता ती साडेसव्वीस अंशांची झाली असती.

आता ऊन पाहू. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २२ तारखेच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. अंतर तीन मीटर असेल, तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीवर ऊन माथ्यापासून सव्वातीन मीटर खाली उतरते. म्हणजे फक्त वरच्या मजल्याला ऊन मिळते. अंतर बारा मीटर असेल, तर तेच ऊन सुमारे तेरा मीटर, चार मजले खाली येते. सूर्य मुंबईच्या थेट डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या उत्तरार्धात. त्यातही जुलैमध्ये ढग असतात.

क्षयाचा संबंध

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. फुप्फुसाचा क्षय झालेली व्यक्ती खोकते, तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि बंद खोलीत काही तास तरंगत राहतात. हवा खेळती असेल, तर ते विरळ होऊन बाहेर जातात. उन्हातील अतिनील किरणांनी हे जंतू मरतात. कोंदट, अंधाऱ्या खोलीत यातले काहीच घडत नाही.

मुंबईत याचा अभ्यासही झाला आहे. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या संशोधकांनी गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन पुनर्वसन वसाहती तपासल्या. पहिल्या दोन वसाहतींत अनेक इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. तिथे क्षयाचे प्रमाण अधिक आढळले आणि उजेड-वारा कमी मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवरील घरांत ते विशेष होते. तुलनेने मोकळी रचना असलेल्या पीएमजीपी वसाहतीत ते कमी होते. अशा अभ्यासातून संबंध दिसतो. इमारत हेच एकमेव कारण आहे, असे त्यातून सिद्ध होत नाही. कुपोषण, एका खोलीत अनेक माणसे, उशिरा सुरू झालेले उपचार यांचाही वाटा असतो.

खेळत्या हवेचे मोल दुसऱ्या एका अभ्यासातून कळते. पेरूची राजधानी लिमा येथील आठ रुग्णालयांतील खोल्यांत हवा तासाला किती वेळा बदलते, हे संशोधकांनी मोजले आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यावर उंच छत आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती. नव्या पद्धतीच्या खोल्यांत हाच आकडा १७ होता.

दाटी आणि कोंदटपणा

म्हणून दाट वस्तीच नको, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. दर हेक्टरी किती माणसे राहतात आणि एका खोलीत किती माणसे झोपतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काम, शाळा, दवाखाना, मेट्रो पायी अंतरावर असणे हा दाट शहराचा मोठा फायदा आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत आणि सामायिक शौचालयांवर पिढ्या काढलेल्या कुटुंबांपैकी ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोलीतील गर्दी कमी होणे आणि शौचालय घरात येणे, हा आरोग्याचाच लाभ आहे.

प्रश्न मोकळ्या जागेच्या वाटणीचा आहे. चार एफएसआय दोन प्रकारे वापरता येतो. निम्म्या भूखंडावर आठ मजले किंवा एकपंचमांश भूखंडावर वीस मजले. मात्र उंच गेल्याने प्रश्न आपोआप सुटत नाही, कारण उंची वाढली की मधले अंतरही वाढायला हवे. पुनर्विकासात मोकळ्या जागांच्या नियमांत सवलती दिल्या जातात. विक्रीच्या मनोऱ्यासाठी जागा राखताना मूळ रहिवाशांच्या इमारती एकमेकींना खेटल्या, तर सवलतीची किंमत खालचे मजले मोजतात.

हाँगकाँगला हा धडा २००३ मध्ये मिळाला. अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. न्हाणीघरातील सांडपाण्याच्या जाळीखालच्या नळीतले पाणी आटले होते. त्यातून आलेले विषाणूयुक्त तुषार पंख्याने ओढले गेले आणि अरुंद डक्टमधून वरच्या घरांत पोहोचले. त्यानंतर तिथे मोठ्या प्रकल्पांसाठी वारा कसा वाहील, याची आधीच तपासणी करण्याची पद्धत सुरू झाली.

सही करण्यापूर्वी

आराखड्यावर सही करण्यापूर्वी रहिवाशांनी काही गोष्टी मागून घ्याव्यात. दोन इमारतींमधील अंतर उंचीच्या किती पट आहे? डिसेंबरमध्ये खालच्या तीन मजल्यांवर ऊन किती वेळ येते, याचा सावलीचा नकाशा वास्तुविशारदाला काढता येतो. घराला दोन बाजूंनी खिडक्या आहेत का? गिरगावातल्या अनेक चाळींत एका बाजूला गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असल्याने वारा आरपार जात असे. मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना घरे असली, की ही सोय जाते. न्हाणीघर डक्टकडे उघडत असेल, तर तो डक्ट किती रुंद आहे आणि वरून उघडा आहे का, हेही पाहावे.

इमारत उभी राहिल्यावर जाळीच्या नळीत पाणी ओतता येते, खिडकी उघडी ठेवता येते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला, तर सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी करून घेता येते. दोन इमारतींमधले अंतर मात्र पुढे वाढवता येत नाही. ते वाढवायचे असेल, तर आराखडा कागदावर असतानाच.