टक्केवारी, मतदान आणि देवनहळ्ळीची जमीन

बेंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत सुमारे ३०० एकर जमीन ३०० कोटी रुपयांच्या आसपास घेतल्याचे तैवानच्या फॉक्सकॉनने ९ मे २०२३ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी कर्नाटकात मतदान होते आणि प्रचार 'चाळीस टक्के कमिशन'च्या आरोपाने तापला होता. राज्यातल्या भाजप सरकारवर असा आरोप असताना एवढी मोठी परदेशी कंपनी पैसे गुंतवते, म्हणजे तिला भ्रष्टाचाराचे काहीच वाटत नाही का? त्याआधीच्या दोन वर्षांत काय घडले ते पाहिल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही.

जुलै २०२१ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटनेने पंतप्रधानांना पत्र लिहून सरकारी कामांतल्या टक्केवारीची तक्रार केली. एप्रिल २०२२ मध्ये बेळगावच्या एका कंत्राटदाराने उडुपीत आयुष्य संपवले. हिंडलगा गावातल्या कामांचे पैसे अडकले आणि कमिशन मागितले गेले, ही त्याची तक्रार होती. त्या तक्रारीत नाव आलेले मंत्री के. एस. ईश्वरप्पा यांनी राजीनामा दिला. पुढे पोलिसांच्या अहवालात ते निर्दोष ठरले. सप्टेंबरात बेंगळुरूच्या भिंतींवर मुख्यमंत्र्यांवर लाचखोरीचा आरोप करणारी काँग्रेसची 'पेसीएम' पोस्टर्स लागली. नोव्हेंबरात त्याच शहरातल्या जागतिक गुंतवणूकदार परिषदेत ९.८ लाख कोटी रुपयांच्या गुंतवणुकीच्या घोषणा झाल्या.

मला या काळातली सर्वांत मोठी घटना मात्र न्यायालयातली वाटते. सिद्धरामय्या सरकारने २०१६ मध्ये लोकायुक्तांचे तपासाचे अधिकार काढून मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन केला होता. भाजपने विरोधात असताना त्यावर टीका केली आणि सत्तेत आल्यावर तोच विभाग चालू ठेवला. २०२२ च्या पावसाळ्यात कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्या. एच. पी. संदेश यांनी भर न्यायालयात त्याला वसुली केंद्र म्हटले आणि आपल्याला बदलीची धमकी मिळाल्याचेही सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासमोरच्या सुनावणीला स्थगिती दिली. पण ११ ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो विभागच रद्द करून अधिकार लोकायुक्तांना परत दिले.

त्याचा परिणाम निवडणुकीच्या तोंडावर दिसला. २ मार्च २०२३ रोजी सत्ताधारी आमदाराचा मुलगा ४० लाख रुपये घेताना लोकायुक्तांच्या सापळ्यात सापडला. पुढे आमदारांवरचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला. सापळ्याच्या दुसऱ्या दिवशी फॉक्सकॉनचे अध्यक्ष यंग लियू बेंगळुरूत मुख्यमंत्री बोम्मई यांना भेटले.

फॉक्सकॉनसारख्या कंपनीसाठी मुख्यमंत्र्यांचे दार उघडे असते. तिची फाईल तालुक्याच्या कचेरीत अडत नाही. टक्केवारीचा भार पडतो तो रस्ते बांधणाऱ्यावर, सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखानदारावर. म्हणून परकीय गुंतवणुकीच्या आकड्यांवरून कारभाराची पारख करू नये. २०२१-२२ मध्ये कर्नाटकात सुमारे २२ अब्ज डॉलर आले आणि राज्य देशात पहिले होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा साडेसहा अब्जांच्या जवळ होता. याच काळात देशाचा एकूण ओघही आटला होता. उतरणीचा दोष एका पक्षाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मोठ्या कंपनीलाही न्यायालय लागते, पण करार मोडल्यावर. बेंगळुरूच्याच अँट्रिक्स (इस्रोची व्यापारी शाखा) आणि देवास (खासगी कंपनी) यांचा २००५ चा उपग्रह करार केंद्र सरकारने २०११ मध्ये रद्द केला. २०१५ मध्ये लवादाने देवासला ५६ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिली. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने देवासच्या व्यवहारात फसवणूक असल्याचे ठरवले. तरी वाद मिटला नाही. २०२५ मध्ये तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. न्यायालय निर्भीड असून भागत नाही, निकाल वेळेतही लागावा लागतो.

मे २०२३ मध्ये काँग्रेस १३५ जागांसह सत्तेवर आली. देवनहळ्ळीचा प्रकल्प पुढे सरकला आणि २०२५ मध्ये तिथे आयफोन बनू लागले. आरोपही संपले नाहीत: राज्य सरकारच्या वाल्मीकी महामंडळातल्या घोटाळ्यात २०२४ मध्ये मंत्र्याला पद सोडावे लागले. सरकार बदलल्याने लाच थांबत नाही, हे दोन्ही पक्षांनी दाखवले आहे. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने लोकायुक्तांना बळ दिले, तेव्हा कुठे सत्तेतल्या माणसांपर्यंत तपास पोहोचला. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण विचारायला हवे: लोकायुक्तांचे अधिकार तुम्ही शाबूत ठेवणार का, आणि तुमच्याविरुद्ध बोलणाऱ्या न्यायाधीशाला बदलीची भीती वाटणार नाही ना?