हप्त्याचे घर आणि जुने गहाण

कापसाच्या पैशातून जळगाव किंवा धुळ्यात घर घ्यावे, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी, अशी खानदेशातील अनेक शेतकरी कुटुंबांची इच्छा असते. बँकेचे कर्ज मिळाले नाही, की घरमालकच हप्त्यांची सवलत देऊ करतो. साठेखत होते, ताबा मिळतो. मात्र घर आधीच गहाण असल्यास धोका तेथूनच सुरू होतो.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ नुसार साठेखताने मालकी मिळत नाही. आधीच्या गहाणावर त्याचा परिणामही होत नाही. खरेदीदाराने प्रत्येक हप्ता दिला, पण मालकाने बँकेचे कर्ज थकविले, तर २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये बँक साठ दिवसांची नोटीस देऊन पुढे घराचा ताबा घेऊ शकते व ते विकू शकते. नोटीस निघते ती कर्जदार मालकाच्या नावे. हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. खरेदीदाराजवळ उरतात त्या पावत्या आणि मालकाविरुद्धचा दावा.

मूळ खरेदीखत गावाकडच्या पेटीत आहे, असे मालक सांगतो. ते बँकेच्या तिजोरीतही असू शकते. म्हणून मूळ कागद प्रत्यक्ष पाहावा, दुय्यम निबंधक कार्यालयातील जुन्या नोंदींचा शोध घ्यावा, मालमत्ता पत्रकावरील बोजा तपासावा. गहाण आढळल्यास बाकी रकमेचा लेखी दाखला घ्यावा आणि बँकेच्या लेखी संमतीने हप्ते थेट कर्जखात्यात भरावेत. साठेखत नोंदवून घ्यावे. ताब्याला कलम ५३-अ चे संरक्षण २००१ पासून नोंदणीशिवाय मिळत नाही. कर्ज फिटून बोजा उतरला, की खरेदीखत करावे.