दात काढल्यानंतर : व्रत आणि औषध यांचा मेळ

दात काढण्याचे काम दवाखान्यात बहुधा अर्ध्या तासात आटोपते. खरी शुश्रूषा त्यानंतर घरी सुरू होते. जैन कुटुंबात या शुश्रूषेला एक निराळी बाजू आहे. सूर्यास्तानंतर चौविहार, सकाळी नवकारसी, तिथीला उपवास, कंदमुळे वर्ज्य, बर्फ अभक्ष्य. अशा घरी ‘रात्री गोळी घ्या, आइस्क्रीम खा, बटाटा कुस्करून खा’ हा नेहमीचा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही. मग कोणी रात्रभर वेदना सोसतो, तर कोणी व्रतभंगाची टोचणी मनात ठेवून औषध घेतो. थोडे पूर्वनियोजन केल्यास दोन्ही टळू शकते.

दवाखान्यात जाण्यापूर्वी

शक्यतो सकाळची वेळ घ्यावी. बधिरता दोन-चार तासांत उतरते, रक्तस्राव थांबतो आणि सूर्यास्तापूर्वी अन्न व औषध दोन्ही घेता येते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मधुमेह, हृदयविकार अथवा हाडांच्या ठिसूळपणावरील उपचार चालू असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे.

आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. अनेक कॅप्सूलचे वेष्टन, तसेच जखमेत ठेवला जाणारा एक प्रकारचा स्पंज जिलेटिनचा, म्हणजे प्राणिज असतो. टाक्यांचा धागाही अनेकदा रेशमाचा असतो. कॅप्सूलऐवजी गोळी, वनस्पतिजन्य सेल्युलोजचा स्पंज आणि कृत्रिम धागा असे पर्याय आहेत. ही विचारपूस खुर्चीवर बसण्यापूर्वीच व्हावी.

पहिले चोवीस तास

दाताच्या रिकाम्या खळगीत रक्त साकळते. ही गाठ म्हणजे उघड्या हाडावरचे निसर्गाचे झाकण. तिला जपणे हेच पहिल्या दिवसाचे मुख्य काम. कापसाची घडी डॉक्टर सांगतील तितका वेळ, सामान्यतः अर्धा ते पाऊण तास, घट्ट चावून धरावी. वारंवार थुंकू नये, चूळ भरू नये, नळीने काही पिऊ नये. त्या ओढीने गाठ निसटते. लाळेत थोडा लालसरपणा दिसणे स्वाभाविक आहे.

सूज उतरण्यासाठी गालावर बाहेरून थंड शेक द्यावा. बर्फ टाळणाऱ्यांनी गार पाण्यात पिळलेला कपडा ठेवावा. त्या दिवशी दुकानात पोती उचलणे, खाली वाकून माल काढणे टाळावे आणि झोपताना उशी उंच घ्यावी. चोवीस तासांनंतर उकळून कोमट केलेल्या पाण्यात मीठ घालून, जेवणानंतर हलकेच चूळ फिरवावी. खळगीत लवंग, हळद किंवा मिश्री कोंबू नये. तंबाखू, गुटखा व सुपारी तर पूर्णतः वर्ज्य; अनेकांसाठी ही सवय कायमची सोडण्याचीच संधी ठरावी.

ताटात काय असावे

मुगाची पातळ खिचडी, भाताची पेज, मऊ शिरा, शिजवून घोटलेली दुधी, दूध, केळे ही उत्तम. सर्व काही कोमट असावे. उकळलेले पाणीही पूर्ण निवल्यावरच प्यावे. खिचडीबरोबर द्विदलाच्या नियमामुळे कच्चे ताक चालत नसेल, तर दही किंवा ताक भाताबरोबर वेगळ्या वेळी घ्यावे. खाकरा, पापड, फरसाण, तीळ यांना आठवडाभर रजा द्यावी. त्यांचे कण जखमेत अडकतात.

व्रताचा प्रश्न

वेदनाशामक गोळ्यांपैकी बऱ्याच उपाशीपोटी जठराला अपाय करतात. उपवासात मधुमेही रुग्णाची साखरही घसरू शकते. म्हणून तातडीची निकड नसल्यास अठ्ठाई किंवा ओळीच्या दिवसांत दात काढण्याचे ठरवू नये. मात्र पू झालेला दात पर्व संपेपर्यंत तसाच ठेवणेही धोक्याचे आहे. ठरावीक तासांनी घ्यावयाचे प्रतिजैविक असल्यास दिवसातील वेळांत बसणारे औषध मिळेल का, हे डॉक्टरांना विचारावे; स्वतः मात्रा गाळू नये. काही दिवस चौविहाराऐवजी तिविहार किंवा दुविहार घेता येईल का, हे गुरुमहाराजांना विचारावे. प्रत्याख्यानातच आगार सांगितलेले आहेत. असह्य पीडेत समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक ही त्यांपैकीच एक. अशा वेळी औषध घेणे म्हणजे व्रताशी प्रतारणा नव्हे.

केव्हा थांबू नये

साधारणतः दोन-तीन दिवसांनी सूज व वेदना ओसरू लागतात. त्याऐवजी दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास कानापर्यंत जाणारी ठणक आणि तोंडाला दुर्गंधी जाणवली, तर रक्ताची गाठ निघून खळगी कोरडी पडली असावी. गोळ्यांवर दिवस काढू नयेत. दंतवैद्य ती धुऊन औषधी पट्टी ठेवतात व लवकर आराम पडतो. दाब देऊनही न थांबणारे रक्त, ताप, वाढती सूज, तोंड उघडण्यास किंवा गिळण्यास त्रास होत असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. श्वासाला अडथळा झाल्यास, रात्र असली तरी, थेट रुग्णालय गाठावे.

हिरडी काही आठवड्यांत भरते, आतले हाड भरण्यास काही महिने लागतात. शरीर हे धर्मसाधनेचे साधन आहे. त्याची यथायोग्य काळजी घेणे हाही विवेकच होय.